क्लेबोर्नवरचे ओक

न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्थ क्लेबोर्न ॲव्हेन्यूच्या मधोमध एक रुंद हिरवी पट्टी होती आणि तिच्यावर लाइव्ह ओकच्या जुन्या झाडांच्या रांगा. हे झाड हिवाळ्यातही उघडं पडत नाही. उंच जाण्यापेक्षा ते आडवं पसरतं, त्याच्या फांद्या शेजारच्या झाडाच्या फांद्यांत शिरतात, आणि लुईझियानाच्या घामट, चिकट उन्हात खाली दिवसभर गार असतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना किराणा, औषधांची दुकानं, शिंपी, न्हावी, विम्याची कचेरी, अंत्यविधीचं सगळं पाहणारी घराणी, कोपऱ्याकोपऱ्यावर बार. 1950 च्या दशकात इथला दुकानदार काळा, गिऱ्हाईक काळं, वरच्या गॅलरीत वारा घेत बसलेली म्हातारी काळी. एका अंगाला ट्रेमे वस्ती, पुढे सेव्हन्थ वॉर्ड. देशात दहांमागे एक असलेली माणसं या रस्त्यावर जवळजवळ सगळीच होती.

मार्डी ग्रा कार्निव्हलच्या मंगळवारी शहराच्या मोठ्या मिरवणुका कॅनॉल स्ट्रीटवरून निघत. त्या गोऱ्यांच्या. काळ्यांचा सण क्लेबोर्नवर, ओकांखाली. घराघराची जागा ठरलेली असे. भल्या पहाटे अंगावर हाडांचा सांगाडा रंगवलेली सोंगं दारं ठोठावत फिरत, झोपलेल्यांना उठवत, मरण कुणाला चुकलेलं नाही असं बजावत. मग सॅटिनचे झगे आणि झालरीच्या टोप्या घातलेल्या ‘बेबी डॉल’ बायका. मग पिसांचे डोंगर अंगावर पेलत येणारे मार्डी ग्रा इंडियन. पातेल्यांत गंबो रटरटतोय, पोरं झाडांच्या मुळांवर बसून मिरवणुकीची वाट बघताहेत.

या सगळ्या गजबजाटात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते त्यातलं साधेपण. त्या काळात काळ्या माणसाला अमेरिकेत कुठेही जायचं तर आधी कातडी पुढे जायची आणि माणूस मागून पोचायचा. बसमध्ये, बँकेत, कोर्टात, इस्पितळाच्या दारात. क्लेबोर्नवर ते ओझं चार-सहा चौकांपुरतं खांद्यावरून उतरत असे. इथे माणूस आळशी असू शकत होता, देखणा, तिरसट, उधारी बुडवणारा, क्लॅरिनेट उत्तम वाजवणारा. त्याच्या वागण्यावरून कुणी साऱ्या जमातीची पारख करणार नव्हतं. वस्तीत आपण बहुसंख्य असण्याचं सुख मुख्यतः हेच असावं. मोजणीत आपण किती, याचा विसर पडणं.

ही जागा एका दिवसात झाली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रेमेची जमीन तुकड्या-तुकड्यांनी विकली जाऊ लागली तेव्हा ती विकत घेणाऱ्यांत मुक्त कृष्णवर्णीय पुष्कळ होते. काही इथलेच, काही हैतीच्या क्रांतीच्या धुमाळीतून क्युबामार्गे आलेले. गवंडी, सुतार, शिवणकाम करणाऱ्या बाया, व्यापारी. देशात गुलामी जोरात सुरू असताना ही माणसं इथे स्वतःच्या नावाची घरं बांधत होती. आणि अगदी जवळ, पुढे काँगो स्क्वेअर म्हणून ओळखल्या गेलेल्या मैदानात, गुलाम रविवारी जमत. 1817 मध्ये शहराने हुकूम काढला होता की गुलामांनी एकत्र यायचं ते रविवारीच, आणि तेही नेमून दिलेल्या एकाच जागी. त्या एका जागी, आठवड्यातल्या त्या एका दिवशी, आफ्रिकेतल्या आठवणी ढोलांवर उतरत. जगाला न्यू ऑर्लिन्सचं म्हणून जे संगीत माहीत आहे, त्याच्या मुळाशी गेलं की माणसं या मैदानात येऊन पोचतात.

सेंट ऑगस्टीन चर्च याच वस्तीतलं. 1842 मध्ये ते उघडलं. त्या काळी चर्चमधले बाक भाड्याने घ्यावे लागत. मुक्त कृष्णवर्णीयांनी आपल्यासाठी बाक घेतले, आणि शिवाय दोन्ही बाजूंचे बाक गुलामांसाठी घेऊन ठेवले. ज्यांना जगात कुठेही हक्काची जागा नव्हती त्यांना देवाच्या घरात ती मिळाली, आणि तिचे पैसे त्यांच्याच रंगाच्या, थोड्या बऱ्या नशिबाच्या माणसांनी भरले. याच चर्चच्या बाहेरच्या बाजूला 2004 पासून अनाम गुलामाची समाधी आहे. जहाजाच्या जाडजूड साखळीचा गंजलेला, कललेला क्रॉस, कड्यांना लटकणाऱ्या बेड्या, भोवती लहान-लहान क्रॉस. साखळीची एकेक कडी हाताच्या पंजाएवढी. पावसात तिच्यावरून तांबूस पाणी ओघळतं. संगमरवराची सोय नव्हती म्हणून हे केलेलं नाही. ज्या लोखंडाने बांधलं त्याच लोखंडाची खूण उभी करावी, असं वस्तीला वाटलं.

1864 मध्ये शहरातल्या याच समाजाने ‘न्यू ऑर्लिन्स ट्रिब्यून’ काढलं, फ्रेंच आणि इंग्रजीत. अमेरिकेतलं ते पहिलं कृष्णवर्णीय दैनिक. यादवी युद्ध अजून संपायचं होतं. युद्धानंतरच्या काही वर्षांत लुईझियानात जे घडलं ते आजही वाचताना छाती भरून येते. न्यू ऑर्लिन्सच्या काही सरकारी शाळांत काळी आणि गोरी मुलं एका वर्गात बसली. 1872 च्या डिसेंबरात पिंचबॅक नावाचा काळा माणूस राज्याचा गव्हर्नर झाला आणि 1873 च्या जानेवारीपर्यंत, थोडेच आठवडे, त्या खुर्चीवर होता. त्याच 1873 मध्ये, ईस्टरच्या रविवारी, त्याच राज्यातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने काळ्या माणसांची कत्तल केली.

आणि त्याच 1873 मध्ये इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ छापली. ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मोकळं करण्यासाठी झटलेल्या लोकांना, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा धरली. जोतीरावांना कोलफॅक्सची बातमी कळली होती की नव्हती, हा प्रश्न मला नेहमी हुरहूर लावतो. त्यांनी ज्या मुक्तीला हात जोडले ती तिकडे त्याच वर्षी रक्ताने माखली होती. तरीही त्यांची अर्पणपत्रिका चुकीची ठरत नाही. ट्रेमेतल्या माणसांनीही ती आशा सोडली नव्हती. 7 जून 1892 ला याच वस्तीशी बांधलेला, जोडे बनवणारा होमर प्लेसी रेल्वेचं पहिल्या वर्गाचं तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला आणि ठरल्याप्रमाणे अटक करवून घेतली. मागे वस्तीतल्या शिकल्या-सवरलेल्यांची नागरिक समिती होती, वर्गणीचा पैसा होता. 1896 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला आणि काळ्यांना वेगळं ठेवण्याला अर्धं शतकभर कायद्याचं कवच मिळालं. लुईझियानाच्या गव्हर्नरने प्लेसीला माफी दिली ती 2022 मध्ये. तोवर त्याला जाऊन जवळजवळ सत्त्याण्णव वर्षं झाली होती.

ही वस्ती उदार होती, हे आपण भारतीयांनी तरी विसरू नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधल्या हुगळी भागातले मुसलमान फेरीवाले चिकनचं भरतकाम, रुमाल, गालिचे घेऊन अमेरिकेत जाऊ लागले. हिवाळ्यात त्यांचा मुक्काम न्यू ऑर्लिन्सला. गोऱ्यांच्या गल्ल्यांत त्यांना कोण बिऱ्हाड देणार? त्यांना घर दिलं ट्रेमेने. काहींनी इथल्या काळ्या बायकांशी लग्नं केली, मुलंबाळं झाली, आणि ती मुलं वस्तीत विरघळून गेली. त्यांतल्याच मोक्साद अलीचा मुलगा बार्डू अली पुढे जॅझ ड्रमवादक चिक वेबच्या बँडसमोर उभा राहिला, आणि गायिका एला फिट्झजेराल्डच्या उमेदवारीच्या दिवसांत तिच्या पाठीशी होता. इतिहासाचे अभ्यासक विवेक बाल्ड यांनी ही सगळी माणसं जुन्या शिरगणतीच्या कागदांतून शोधून काढली नसती तर आपल्याला त्यांचा पत्ताही लागला नसता. आपलं घर सोडून आलेल्याला जिथे कुणी परका म्हणत नाही, अशी वस्ती उभी करायला आधी स्वतः फार सोसावं लागत असेल.

गोऱ्यांच्या विमा कंपन्या काळ्यांना उभं करत नसत, डॉक्टर परवडत नसे, आणि मेल्यावर नीट पोचवलं जाणं ही तर चैनच. म्हणून मंडळं निघाली. दरमहा थोडी वर्गणी, आपल्याकडच्या भिशीसारखी. आजारपणात औषधपाणी, मरणात पेटी, घोडागाडी आणि बँड. सोशल एड अँड प्लेझर क्लब हे त्यांचं आजचं नाव. मदत आणि मौज एकाच पाटीवर. अंत्ययात्रेत त्यांचा बँड कसा वाजतो ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. दफनभूमीकडे जाताना चाल इतकी संथ की पाऊल उचलून क्षणभर हवेत राहतं. स्नेअर ड्रमच्या खालच्या तारांत वादकाने रुमाल कोंबलेला असतो. त्यामुळे ड्रमचा तडतडाट दबून नुसता बद्द आवाज येतो. पुढे एक वेळ येते, देहाला निरोप दिला जातो. मग ड्रमवाला वाकतो, तो रुमाल ओढून काढतो, काठीचा एक फटका मारतो, आणि तारा झणझणून उठतात. ट्रम्पेट त्याच्यावर स्वार होतो. विधवा, भाऊ, शेजारी, रस्त्यावरून सहज जाणारे, सगळे छत्र्या आणि रुमाल उंचावत नाचू लागतात. दुःख संपलेलं नसतं. ते एकट्याचं राहिलेलं नसतं, एवढंच.

1956 च्या कायद्याने केंद्र सरकार महामार्गाच्या खर्चातले नव्वद टक्के द्यायला लागलं आणि देशभर शहरांच्या नकाशांवर रेघा ओढल्या गेल्या. न्यू ऑर्लिन्समधली एक रेघ क्लेबोर्नवरून गेली. 1966 मध्ये करवती आल्या. अनेकांना कळलं ते झाडं पडायला लागल्यावर. मुळं ओढून काढली, पट्टी सपाट केली, आणि वर आय-10 चा उन्नत मार्ग काँक्रीटच्या खांबांवर चढला. झाडांची सावली गेली आणि तिच्या जागी दिवसरात्र हलणारी, आवाज करणारी, धूर गाळणारी सावली आली. दुकानांचं गिऱ्हाईक तुटलं. 1960 मध्ये या पट्ट्यात शंभराच्या वर धंदे होते. 2000 पर्यंत त्यांतले तीस-पस्तीस उरले. त्याच सुमारास काँगो स्क्वेअरलगतची घरं सांस्कृतिक केंद्रासाठी पाडली, ती जागा वर्षानुवर्षं ओसाड पडून राहिली, आणि 1980 मध्ये तिथे लुई आर्मस्ट्राँगच्या नावाचं उद्यान झालं. कुंपण घातलेलं.

दुसरी एक रेघ होती. ती नदीकाठाने, फ्रेंच क्वार्टरच्या तोंडावरून जाणार होती. महामार्ग आखणाऱ्या रॉबर्ट मोझेसने 1946 मध्ये सुचवलेली. तिच्याविरुद्ध वास्तुप्रेमी उठले, वकील उठले, वर्तमानपत्रांत लिहून आलं, आणि 1969 मध्ये केंद्रीय वाहतूक मंत्री व्होल्पी यांनी ती रद्द केली. फ्रेंच क्वार्टर वाचलं याचा मला आनंद आहे. ते वाचायलाच हवं होतं. पण क्लेबोर्नच्या बाजूने बोलणारं नगर परिषदेत कोण होतं? मतदानाच्या हक्काचा कायदा 1965 मध्ये आला, करवती त्याच्या पुढच्याच वर्षी. परिषदेत विसाव्या शतकातला पहिला काळा सदस्य बसला तो 1975 मध्ये. शहराला पहिला काळा महापौर, डच मोरियल, मिळाला 1978 मध्ये. गल्लीत दहांतले नऊ असून काय उपयोग, नकाशा ज्या टेबलावर पसरला होता तिथे त्यांच्यातला एकही नव्हता. मी ज्यासाठी शोक करते आहे ते हेच. संख्येने त्या माणसांना एकमेकांची ऊब दिली, पण वरून येणारी करवत अडवण्याचं बळ दिलं नाही.

तरी ती माणसं त्या उन्नत मार्गाच्या पुलाखाली जमत राहिली. मार्डी ग्राला, सेंट जोसेफच्या सणाच्या रात्री, मंडळांच्या रविवारच्या मिरवणुकांना. बँड पुलाखाली शिरला की काँक्रीट आवाज उलट फेकतं, ट्रॉम्बोन दुप्पट होतो, आणि वाजवणारे तिथेच रेंगाळतात, मुद्दाम. 2002 मध्ये खांबांवर चित्रकारांनी ओक रंगवले, माणसं रंगवली. ज्यांनी हे केलं त्यांचं ऋण आहेच. पण रंगवलेल्या फांद्यांखाली ऊन-पाऊस तसाच लागतो.

ॲलिसन ‘टूटी’ मोंटाना याच वस्तीत वाढला-वावरला. भिंतींच्या गिलाव्याखालच्या पट्ट्या ठोकणं हा त्याचा धंदा, आणि यलो पोकाहॉन्टस टोळीचा तो बिग चीफ. पळालेल्या गुलामांना अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी आसरा दिला, त्या उपकाराची आठवण म्हणून ही सोंगं, असं वस्तीतले लोक सांगतात. दरवर्षी पोशाख नवा पाहिजे, मागच्या वर्षीचा चालत नाही. ताणलेल्या कॅनव्हासवर पेन्सिलीने नक्षी काढायची, सुईत मणी ओवायचा, टाका घालायचा, पुन्हा मणी. दिवसभर बांधकामावर राबलेल्या जाड बोटांनी रात्री दिव्याखाली हे वर्षभर चालतं. बोटं टोचून टोचून निबर होतात. मोंटानाने पन्नासेक वर्षं असे पोशाख शिवले. 2005 च्या मार्चमध्ये सेंट जोसेफच्या रात्री पोलिसांनी इंडियनांना हुसकावून लावलं. 27 जूनला नगर परिषदेने त्यावर लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं. ब्याऐंशी वर्षांचा मोंटाना बोलायला उभा राहिला, वर्षानुवर्षं हे असंच चालत आलंय ते आता थांबलं पाहिजे असं सांगत असताना कोसळला, आणि गेला. सभागृहातल्या इंडियनांनी तिथेच प्रार्थनेचं गाणं धरलं.

दोन महिन्यांनी, 29 ऑगस्टला, कतरीना वादळ. बांध फुटले, शहराचा चार-पंचमांश भाग पाण्याखाली गेला. ट्रेमेचा काही भाग उंचावर असल्याने बचावला. पण त्यानंतर जे आलं त्यातून तो वाचला नाही. सरकारी मदतीचा हिशोब घराच्या बाजारभावाशी जोडला होता, आणि काळ्या वस्तीतल्या घराचा भाव, तेवढंच घर असूनही, नेहमी कमी. 2007 च्या डिसेंबरात नगर परिषदेने चार मोठ्या सरकारी चाळी पाडायला एकमताने संमती दिली. क्लेबोर्नजवळची विटांची, धडधाकट लाफीट वसाहत त्यांतली एक. बसने ह्यूस्टनला, अटलांटाला पाठवलेली माणसं परत यायची तर कुठे? 2000 मध्ये शहरात सुमारे 3 लाख 26 हजार काळी माणसं होती. 2010 मध्ये 2 लाख 7 हजार. जवळपास 1 लाख 19 हजार माणसं एका दशकात कमी झाली. त्यांतले बरेच जिवंत आहेत, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या हवेत, जिथे रविवारी बँड येत नाही.

त्यांच्या घरांत नवे लोक आले. काहींना वस्ती खरंच आवडली होती. काहींनी घरं पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने लावली. 2007 च्या ऑक्टोबरात एका वादकाच्या मृत्यूनंतर त्याचे सोबती ट्रेमेत वाजवत निघाले असताना तक्रार गेली, पोलिसांच्या गाड्या आल्या आणि वाजवणाऱ्यांना धरून नेलं. परवाना नाही, शांतताभंग, असे आरोप. शंभर-सव्वाशे वर्षं ज्या गल्लीत मेलेल्याला वाजवत पोचवलं, तिथे आता त्यासाठी कागद लागत होता. मंडळांनी मात्र हार मानली नाही. पोलिसांनी मिरवणुकांची फी कित्येक पटींनी वाढवली तेव्हा मंडळं फेडरल कोर्टात गेली आणि 2007 मध्ये त्यांनी फी खाली आणवली. त्या मिरवणुकांना माणसं रात्रभर गाडी चालवत ह्यूस्टनहून येत, दुपारभर नाचत, आणि सोमवारच्या कामासाठी परत जात.

2021 मध्ये वॉशिंग्टनहून निघालेल्या पायाभूत सुविधांच्या आराखड्यात क्लेबोर्नचं नाव आलं, अशा महामार्गांनी केलेल्या अन्यायाचं उदाहरण म्हणून. त्याच्याही आधीपासून पूल पाडावा, रॅम्प काढावेत, ओक पुन्हा लावावेत असं बोललं जातं. वस्तीत याबद्दल एकमत नाही. कुणाला तो पूल उद्याच्या उद्या गेलेला हवा आहे. कुणी म्हणतं, पूल गेला, झाडं आली की भाडी चढतील, आणि धुरात दिवस काढलेले आम्ही नेमके तेव्हाच इथे नसू. दोघांचंही म्हणणं खरं आहे. म्हणून पहिली वीट हलवायच्या आधी भाड्यावर मर्यादा, ह्यूस्टनला गेलेल्यांना परत यायला घरं, आणि पुलाखालच्या जागेवर मंडळांचा लेखी हक्क, एवढं कागदावर यायला हवं. 1966 मध्ये ज्यांच्या आजी-आजोबांना कुणी विचारलं नाही, त्यांची सही त्या कागदावर सगळ्यात वर असायला हवी.